फाइल कोणाच्या हातात?

घोडबंदर रस्त्याने ठाण्याकडून गायमुखचा घाट ओलांडला, की वरसावे नाक्याच्या अलीकडे चेणे लागते. एका अंगाला वसईची खाडी, दुसऱ्या अंगाला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. पत्ता मिरा-भाईंदर महापालिकेचा, पण गावाला रेल्वे स्थानक नाही. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयापर्यंतचे अंतर चाळीस किलोमीटरच्या आत आहे. घाटात एखादा कंटेनर बंद पडला तर तेच अंतर अर्धा दिवस खाते.

समजा, इथल्या पन्नाशीच्या एका बाईच्या स्तनात गाठ लागली. ती आधी गावाजवळच्या डॉक्टरकडे जाते, तिथून भाईंदरच्या रुग्णालयात, मग परळला. नोंदणी होते, फाइल मिळते. त्यानंतर मॅमोग्राफी, गाठीचा तुकडा काढून तपासणी, त्या तुकड्यावरच हार्मोन आणि हर-टू या चाचण्या, रोग आणखी कुठे पसरला आहे का हे पाहण्यासाठी स्कॅन, हृदयाची तपासणी. प्रत्येक खिडकी वेगळी, प्रत्येक तारीख वेगळी. अहवाल आले की शल्यचिकित्सक, केमोथेरपीचे डॉक्टर आणि रेडिएशनचे डॉक्टर एकत्र बसून उपचारांचा क्रम ठरवतात. दरम्यान रेशनकार्डावरचे आणि आधारकार्डावरचे नाव जुळत नाही म्हणून योजनेची मंजुरी अडते. मुलगा खासगी नोकरीत. त्याच्या रजा संपतात. तिसऱ्या की चौथ्या तारखेला ती येतच नाही.

या सगळ्यात कोणाचीही चूक दाखवता येत नाही. प्रत्येक खिडकीवरच्या माणसाने आपले काम केलेले असते. दोन खिडक्यांच्या मधली जागा मात्र कोणाचीच नसते, आणि रुग्ण हरवतो तो तिथेच. ही मधली जागा सांभाळणे हे आता कर्करोगाच्या उपचारातले स्वतंत्र काम मानले जाऊ लागले आहे. ते करणाऱ्या चमूला रुग्ण-मार्गदर्शक, समन्वयक, ‘नॅव्हिगेटर’ अशी वेगवेगळी नावे आहेत. चमू नेमणे तुलनेने सोपे असते. तो नीट चालवणे ही अवघड गोष्ट आहे.

उशिराची किंमत

कर्करोगात वेळेला इतके महत्त्व का, हे आकड्यांतून स्पष्ट होते. २०२० मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. सात प्रकारच्या कर्करोगांवरील जुन्या अभ्यासांचा त्यात एकत्र विचार केला होता. शस्त्रक्रियेला चार आठवड्यांचा उशीर झाला, तर मृत्यूचा धोका साधारण सहा ते आठ टक्क्यांनी वाढतो, असे त्यातून दिसले. काही प्रकारांत केमोथेरपी किंवा रेडिएशनला झालेल्या उशिराची किंमत याहूनही जास्त होती. हा धोका दर चार आठवड्यांनी वाढत जातो.

महाराष्ट्रात फार आढळणाऱ्या तोंडाच्या कर्करोगाचे उदाहरण घेऊ. अनेक रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन लागते आणि ते शक्यतो सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावे लागते. मात्र त्याआधी दातांची तपासणी हवी. खराब दात काढायचे असतील तर ते आधीच काढून जखम भरायला दोनेक आठवडे द्यावे लागतात, कारण रेडिएशन घेतलेल्या जबड्यातली जखम सहज भरत नाही. म्हणजे दंतवैद्याची एक तारीख चुकली, की पुढचे सारे वेळापत्रक सरकते. एकदा रेडिएशन सुरू झाले की आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे रोज यावे लागते. मध्ये खंड पडला, तर डोक्या-मानेच्या कर्करोगात प्रत्येक वाया गेलेल्या दिवसामागे रोग आटोक्यात राहण्याची शक्यता सुमारे एक टक्क्याने घटते. गावची जत्रा, घरातले लग्न, संपलेले पैसे, तोंड आल्यामुळे गिळता न येणे, अशा कोणत्याही कारणाने पडलेला खंड गाठीसाठी सारखाच फायद्याचा असतो.

भारतात वर्षाला कर्करोगाचे १४ लाखांहून अधिक नवे रुग्ण आढळतात. त्यांतल्या प्रत्येकाच्या तारखा लक्षात ठेवणे एकट्या डॉक्टरच्या आवाक्यातले नाही. मोठ्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात एका रुग्णाला मिळणारी मिनिटे रोगाबद्दल बोलण्यातच संपतात.

हार्लेमपासून परळपर्यंत

या कामाला पहिल्यांदा शास्त्रीय रूप दिले ते न्यूयॉर्कच्या हार्लेम रुग्णालयातील शल्यचिकित्सक डॉ. हॅरॉल्ड फ्रीमन यांनी. हार्लेम ही गरीब, प्रामुख्याने कृष्णवर्णीयांची वस्ती. १९८६ पर्यंतच्या २२ वर्षांत तिथे उपचार घेतलेल्या स्तनाच्या कर्करोगाच्या ६०६ रुग्णांची माहिती त्यांनी तपासली. जवळपास निम्म्या स्त्रिया तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यात आल्या होत्या. पाच वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण ३९ टक्के होते.

फ्रीमन यांनी १९९० मध्ये दोन गोष्टी केल्या. मोफत किंवा स्वस्त तपासणी उपलब्ध केली, आणि संशयास्पद गाठ सापडलेल्या प्रत्येक स्त्रीसोबत एक माणूस दिला. हा माणूस डॉक्टर नव्हता. विमा, कागद, भीती, भाषा, मुलांना कोणाकडे ठेवायचे, अशा अडचणी एकेक करून दूर करणे हे त्याचे काम होते. १९९५ ते २००० या काळातल्या ३२५ रुग्णांचा हिशेब केला तेव्हा उशिराच्या टप्प्यात येणाऱ्यांचे प्रमाण २१ टक्क्यांवर आले होते आणि पाच वर्षांचे जीवनमान ७० टक्क्यांवर गेले होते. या सुधारणेत तपासणी आणि सोबत या दोन्हींचा वाटा होता. पुढे २००५ मध्ये अमेरिकेत या कामासाठी कायदा झाला. २०२४ पासून तिथली सरकारी ‘मेडिकेअर’ योजना गंभीर आजारातल्या अशा मार्गदर्शनाचे स्वतंत्र पैसे देऊ लागली.

आपल्याकडे टाटा स्मारक रुग्णालयाने गेल्या दशकाच्या अखेरीस टाटा ट्रस्ट्स आणि टाटा समाजविज्ञान संस्थेच्या साथीने रुग्ण-मार्गदर्शकांसाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम सुरू केला. त्याचे नाव ‘केवट’. राम, सीता आणि लक्ष्मण यांना गंगेपार नेणाऱ्या नावाड्यावरून हे नाव ठेवले. नावाडी नदी आटवत नाही आणि प्रवाह थांबवत नाही. कुठे खोल आहे, कुठे उथळ, हे त्याला ठाऊक असते. १९४१ मध्ये सुरू झालेल्या आणि आज वर्षाला साठ हजारांहून अधिक नवे रुग्ण पाहणाऱ्या रुग्णालयात पहिल्यांदा पाऊल ठेवणाऱ्या माणसाला नेमके तेच कोणीतरी सांगायला हवे असते.

राज्यातल्या सरकारी आरोग्य योजनेतही अशी एक व्यक्ती आहे. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी नावाने सुरू झालेल्या आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजनेत अंगीकृत रुग्णालयांमध्ये ‘आरोग्यमित्र’ बसतो. कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देणाऱ्या या योजनेची कागदपत्रे तपासणे आणि उपचारांची पूर्वपरवानगी पुढे सरकवणे हे त्याचे काम. याशिवाय वैद्यकीय समाजसेवक, परिचारिका, आहारतज्ज्ञ, स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते असतात. परळजवळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन, दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, मुलांच्या कुटुंबांना राहायला जागा देणारी सेंट ज्यूड संस्था हेही याच साखळीचे दुवे. माणसे आहेत, सोयी आहेत. त्यांना एका दोरीत ओवायचे कसे, हा खरा प्रश्न आहे.

एका रुग्णाला एक नाव

समन्वयाच्या कामाचा पहिला नियम साधा आहे: प्रत्येक रुग्णासाठी जबाबदार असलेल्या एका व्यक्तीचे नाव ठरलेले असले पाहिजे. ‘चमू बघतो आहे’ याचा व्यवहारातला अर्थ बहुतेक वेळा ‘कोणीच बघत नाही’ असा होतो. चेण्याच्या त्या बाईला पाच माणसे मदत करतील, पण अहवाल आला नाही तर तो कोणी शोधायचा, हे एकाच माणसाचे काम असते. त्या माणसाची सुटी असेल तेव्हा दुसरे नाव आधीच लिहिलेले असावे लागते.

दुसरी गोष्ट सीमेची. फ्रीमन यांनी पुढे या कामाची जी सूत्रे मांडली, त्यांत दोन फार उपयोगी आहेत. एक, मार्गदर्शनाची सुरुवात आणि शेवट ठरलेला असावा. दोन, प्रत्येक स्तरावर कोणी काय करायचे, हे स्पष्ट असावे. समन्वयक तारीख मिळवून देतो, अर्ज भरून घेतो, घरच्यांना फोन करतो. ‘गोळी थांबवू का?’ या प्रश्नाचे उत्तर तो देत नाही. पण तो प्रश्न पाच मिनिटांत कोणत्या परिचारिकेकडे पोचवायचा, हे त्याला पाठ असते. केमोथेरपीनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. त्या दिवसांत १००.४ फॅरेनहाइटच्या वर ताप आला तर ती तातडीची बाब असते. ‘क्रोसिन घ्या आणि सोमवारी या’ असे फोनवर आपुलकीने सांगणारा समन्वयक त्या क्षणी धोकादायक ठरतो. म्हणून चमूच्या प्रशिक्षणात काय सांगावे याइतकेच काय सांगू नये हेही शिकवावे लागते.

तिसरी गोष्ट कामाच्या वाटणीची. प्रत्येकाला सारखे रुग्ण वाटून देणे वरवर न्याय्य दिसते. पण नुकतीच नोंदणी झालेला, भाषा न कळणारा, राहायला जागा नसलेला रुग्ण आणि सहा महिन्यांनी तपासणीला येणारा बरा झालेला रुग्ण यांचे वजन सारखे नसते. पहिले तीन-चार आठवडे सर्वांत जड असतात. चमूच्या प्रमुखाने डोकी मोजण्याऐवजी हे वजन मोजले नाही, तर एक जण थकून नोकरी सोडतो आणि दुसरा रिकामा दिसतो.

न आलेल्यांची यादी

रुग्णालयाची सारी यंत्रणा आलेल्या रुग्णांभोवती फिरते. न आलेला रुग्ण कोणालाच दिसत नाही. उलट तो आला नाही म्हणून रांग थोडी कमी होते. समन्वयाच्या चमूचा दिवस नेमका त्याच्यापासून सुरू व्हायला हवा. काल ज्यांची तारीख होती आणि जे आले नाहीत, त्यांची यादी सकाळी समोर ठेवायची, वाटून घ्यायची, फोन करायचे. कारण विचारताना सूर हजेरी घेण्याचा नसावा. पैसे संपले, गाडी चुकली, गावच्या वैद्याने ‘सुई लावली की पसरतो’ असे सांगितले, केस गेले म्हणून बाहेर पडायची लाज वाटते: कारण कळले तरच तोड निघते.

हे शक्य आहे याचा पुरावा परळमध्येच आहे. टाटा स्मारकाच्या बालकर्करोग विभागात २००९ च्या सुमारास दर पाच मुलांमागे जवळपास एकाचे उपचार नाकारले जात किंवा अर्धवट सुटत. रोग बरा होण्यासारखा असूनही मूल घरी परत जाई. विभागाने ‘इम्पॅक्ट’ या उपक्रमाखाली निवारा, अन्न, औषधांचा खर्च, समुपदेशन, शिक्षण आणि न आलेल्यांचा पाठपुरावा हे सारे एकत्र बांधले. दशकभराच्या आत हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आले. कोणतेही नवे औषध न शोधता इतकी मुले उपचारात टिकली.

फोनचा उपयोग तारखेपुरता नसतो, हेही आता माहीत झाले आहे. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग रुग्णालयात पसरलेला कर्करोग असलेल्या ७६६ रुग्णांवर झालेल्या चाचणीत एका गटाला आपला त्रास नियमितपणे साध्या प्रश्नावलीतून कळवायला सांगितले होते: दुखते का, उलट्या होतात का, दम लागतो का. त्रास वाढला की परिचारिकेला सूचना जाई. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या गटाचे मध्यम जीवनमान ३१.२ महिने होते, नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांचे २६ महिने. कळवले आणि कोणीतरी ऐकले, एवढ्याने पाच महिन्यांचा फरक पडला. कर्करोगाची कित्येक महागडी औषधे याहून कमी देतात.

कसले आकडे मोजायचे?

चमू चालवणाऱ्याला आकडे लागतातच. पण चुकीचे आकडे मोजले तर चमू चुकीच्या दिशेने पळतो. ‘महिन्यात किती फोन केले’ हा आकडा फुगवणे सोपे असते. नोंदणीपासून पहिल्या उपचारापर्यंत किती दिवस गेले, ठरलेल्या तारखेला किती जण आले, किती जणांचे उपचार पूर्ण झाले, हे आकडे फसवत नाहीत. इंग्लंडमध्ये तातडीच्या शिफारशीपासून पहिल्या उपचारापर्यंत ६२ दिवसांची मर्यादा ठरवलेली आहे. ती नेहमी पाळली जाते असे नाही. तरी उशीर झाला तर तो नोंदला जातो आणि त्यावर प्रश्न विचारता येतो.

सरासरीवरही विसंबून चालत नाही. सरासरी तीस दिवसांची असेल आणि त्यात एखाद्या बाईला नव्वद दिवस लागले असतील, तर शिकण्यासारखे सारे त्या नव्वद दिवसांत असते. आठवड्यातून एकदा अशा एका-दोन फाइली उघडून त्या कुठे थांबल्या, हे दोष न देता पाहणारा चमू सुधारत जातो. आज एका रेशनकार्डामुळे मंजुरी अडली, तर उद्या पहिल्याच दिवशी दोन्ही कार्डांवरची नावे तपासण्याचा नियम होतो. असे छोटे नियमच पुढे यंत्रणा होतात.

दोन विभागांत रुग्ण जातो तेव्हाचा निरोप हा सर्वांत कमकुवत दुवा. शस्त्रक्रिया झाली, आता रेडिएशनकडे पाठवले, एवढे पुरत नाही. काय झाले, काय राहिले, पुढची तारीख कोणती आणि ती रुग्णाला समजली का, हे चार मुद्दे लिहूनच पुढे द्यावे लागतात. शेवटचा मुद्दा तपासण्याचा चांगला मार्ग म्हणजे रुग्णालाच विचारणे, ‘आता पुढे काय करायचे, ते तुमच्या शब्दांत सांगा बघू.’

ऐकणाऱ्यांचे कोण ऐकणार?

समन्वयक रुग्णाला डॉक्टरपेक्षा जास्त वेळा भेटतो. मुलीचे लग्न ठरले, म्हैस विकली, नवरा येईनासा झाला, हे त्याला आधी कळते. रुग्ण गेल्याचा फोनही बऱ्याचदा त्यालाच येतो, आणि पाच मिनिटांनी पुढच्या रुग्णासमोर हसून बसायचे असते. या कामात येणारी माणसे बहुधा तरुण आणि मनाने हळवी असतात. त्यांचा हळवेपणा हेच त्यांचे भांडवल, आणि तेच आधी संपते.

म्हणून चमूच्या प्रमुखाला वेळापत्रकाइतकेच याकडेही लक्ष द्यावे लागते. गेलेल्या रुग्णाबद्दल बोलायला ठरावीक जागा आणि वेळ, फोन बंद ठेवण्याचे तास, जड आणि हलक्या कामाची अदलाबदल, आणि वरिष्ठाने स्वतः काही रुग्ण हाताळणे. चार महिन्यांत माणूस बदलला, तर त्याच्यासोबत रुग्णांचा विश्वासही जातो. तात्पुरत्या कंत्राटावर आणि तुटपुंज्या मानधनावर हे काम टिकत नाही.

घराजवळचा दुवा

आजवरचा बहुतेक समन्वय मोठ्या रुग्णालयाच्या भिंतींच्या आत झाला. आता उपचार घराजवळ येऊ पाहत आहेत. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्यात देशभरातली तीनशेहून अधिक केंद्रे आणि संस्था आहेत. सर्व जिल्हा रुग्णालयांत तीन वर्षांत कर्करोगाची डे-केअर केंद्रे उभारण्याची घोषणा २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली. याचा फायदा मोठा आहे: दर तीन आठवड्यांनी केमोसाठी घाट ओलांडायचा त्रास वाचेल. पण उपचार दोन-तीन ठिकाणी वाटले गेले की मधल्या जागाही वाढतात. शस्त्रक्रिया परळला, केमो जिल्ह्यात, ताप आला तर भाईंदरला. अशा वेळी फाइल कोणाच्या हातात, हा प्रश्न अधिक टोकदार होतो.

चेण्यासारख्या गावात त्याचे उत्तर कदाचित आशा सेविकेपासून सुरू होईल. तिशीनंतरच्या स्त्री-पुरुषांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगासाठी तपासणी हा सरकारी कार्यक्रमाचा भाग आहेच. संशय आला की चिठ्ठी दिली जाते. ती चिठ्ठी घेऊन बाई खरोखर पुढे पोचली का, हे विचारणारा एक फोन नंबर गावाकडे आणि त्याला उत्तर देणारा एक माणूस रुग्णालयाकडे असला, तर डोंगर आणि खाडीच्या मधल्या त्या रस्त्यावर कोणी एकटे पडणार नाही.

रुग्ण आणि नातेवाइकांसाठी

- पहिल्याच भेटीत विचारा: ‘अडचण आली तर कोणाला फोन करायचा?’ नाव आणि नंबर फाइलच्या पहिल्या पानावर लिहा. रात्री आणि सुटीच्या दिवशी कुठे जायचे, तेही विचारा.
- रेशनकार्ड, आधारकार्ड आणि रुग्णालयाची नोंदणी यांतली नावे जुळतात का, हे पहिल्या दिवशी पाहा. सरकारी योजनेसाठी उपचार सुरू होण्याआधी आरोग्यमित्राला भेटा.
- तारखांसाठी एकच वही ठेवा. प्रत्येक भेटीनंतर काय झाले आणि पुढे काय, हे दोन ओळींत लिहा. अहवालांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा.
- येणे शक्य नसेल तर आधी कळवा आणि नवी तारीख घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. उपचार परवडत नाहीत म्हणून थांबवण्यापूर्वी वैद्यकीय समाजसेवा विभागात एकदा बोला.
- कर्करोगाच्या रुग्णांना रेल्वे आणि एसटी प्रवासात सवलत आहे. मुंबईच्या लोकलमध्ये दिव्यांगांसाठीच्या राखीव डब्यातून कर्करोगग्रस्तांनाही प्रवास करता येतो. त्यासाठीचे प्रमाणपत्र रुग्णालयातून मागून घ्या.
- केमोथेरपी सुरू असताना ताप आला तर सकाळची वाट पाहू नका.